पराभूतांची वाणी : नाहुआत्ल साधनांच्या वाचनाविषयी काही विचार

१

इ. स. १५२१ च्या ऑगस्ट महिन्याच्या १३ तारखेला तेनोच्तित्लान हे मेशिका लोकांचे सरोवरातील नगर एर्नान कोर्तेस व त्याचे एतद्देशीय दोस्त यांच्या हाती पडले. मध्य अमेरिकेच्या प्राचीन संस्कृतींचा इतिहास सांगताना बहुतेक ग्रंथकार या तारखेपाशी एक ठळक रेघ ओढतात. रेघेच्या अलीकडे पिरॅमिड, पंचांग, नरबळी आणि सुवर्ण. पलीकडे चर्च, देवीची साथ आणि स्पॅनिश भाषा. जणू एक ग्रंथ मिटला आणि दुसरा उघडला. ही मांडणी सोयीची आहे. परंतु ती ज्या साधनांवर उभी आहे ती साधने स्वतःच या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी आहेत, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. विजयापूर्वीच्या नाहुआ जगाविषयी जे काही ज्ञात आहे त्याचा फार मोठा भाग विजयानंतर, रोमन लिपीत, मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली लिहिला गेला. तेव्हा या संस्कृतींच्या इतिहासाचा प्रश्न हा प्रथम वाचनाचा प्रश्न आहे. पराभूतांची म्हणून जी वाणी ऐकविली जाते ती कोणाची, केव्हाची आणि कोणत्या मार्गाने आलेली आहे, याचा निर्णय झाल्यावाचून पुढची विधाने हवेत राहतात.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऊहापोह मुख्यतः दोन ग्रंथांच्या अनुषंगाने केला आहे. पहिला, मिगेल लेओन-पोर्तिया यांनी १९५९ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केलेला ‘पराभूतांची दृष्टी’ या अर्थाच्या नावाचा संग्रह. दुसरा, जेम्स लॉकहार्ट यांचा १९९२ चा विजयोत्तर नाहुआ समाजावरील ग्रंथ. एकाने नाहुआ लोकांचे दुःख जगापुढे आणले, दुसऱ्याने त्यांचे टिकून राहणे. दोघांचेही ऋण मोठे आहे. परंतु दोघांनीही आपापल्या साधनांच्या मर्यादेपलीकडे हात पोहोचविला आहे असे दिसते.

२

‘मेसोअमेरिका’ ही संज्ञा पाउल किर्शहोफ यांनी १९४३ मध्ये रूढ केली. मक्याच्या दाण्यावर चुन्याचा संस्कार करणे, काकाओच्या बिया, रबरी चेंडूचा धार्मिक खेळ, २६० दिवसांचे पंचांग आणि घड्या घालून केलेले चित्रग्रंथ अशी काही लक्षणे एकत्र आढळणारा प्रदेश असा तिचा अर्थ. यांतील शेवटचे लक्षण येथे महत्त्वाचे आहे. हा ग्रंथ जाणणारा समाज होता. नाहुआत्ल भाषेत ग्रंथाला ‘आमोश्त्ली’ व लेखक-चित्रकाराला ‘त्लाकुइलो’ म्हणत. ‘काळी शाई, तांबडी शाई’ हे शब्दयुग्म उच्चारले की त्यातून लेखन आणि त्यायोगे येणारे शहाणपण असा तिसराच अर्थ निघे. दोन मूर्त वस्तू शेजारी ठेवून एक अमूर्त अर्थ सुचविण्याची ही रीत नाहुआत्ल वाक्प्रयोगाचा कणा होती. आन्हेल मारिया गारिबाय यांनी तिला स्वतंत्र पारिभाषिक नाव दिले. मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. ‘चूल आणि मूल’ म्हणताना कोणाच्याही डोळ्यांपुढे केवळ एक चूल व एक मूल उभे राहत नाही, आणि ‘मीठभाकर’ या शब्दात फक्त दोन पदार्थ नसतात.

याच घडणीचा एक शब्द नाहुआ इतिहासाची किल्ली ठरतो. ‘आत्ल’ म्हणजे पाणी आणि ‘तेपेत्ल’ म्हणजे डोंगर. या दोहोंतून ‘आल्तेपेत्ल’ हा शब्द झाला. त्याचा अर्थ स्वतःचा राजा, स्वतःचे दैवत आणि स्वतःचा मुलूख असलेले राज्य. नाहुआ मनुष्याची निष्ठा या आल्तेपेत्लवर असे. ‘आस्तेक साम्राज्य’ हा शब्द आधुनिकांचा आहे. ज्यांना त्या नावाने ओळखले जाते ते लोक स्वतःला मेशिका, आकोल्हुआ, चाल्का, त्लाश्कालतेका अशा आपापल्या राज्यांच्या नावांनी ओळखत. तेनोच्तित्लान, तेश्कोको व त्लाकोपान या तिघांची युती इतर शेकडो राज्यांकडून खंडणी घेई. ती राज्ये मात्र बुडविली जात नसत. ही गोष्ट विसरली की पुढचे सारे हिशेब चुकतात.

विजयानंतर या समाजाने रोमन लिपी आश्चर्यकारक वेगाने आत्मसात केली. १५३६ मध्ये त्लातेलोल्को येथे फ्रान्सिस्कन संन्याशांचे सांताक्रूस विद्यालय उघडले. तेथे नाहुआ सरदारांची मुले लॅटिन व्याकरण व अलंकारशास्त्र शिकू लागली. मेक्सिको नगरात १५३९ मध्ये छापखाना आला. आन्द्रेस दे ओल्मोस याचे नाहुआत्ल व्याकरण १५४७ मध्ये सिद्ध झाले. इंग्रजी भाषेचे पहिले व्याकरण निघाले ते १५८६ मध्ये. आलोन्सो दे मोलिना याचा शब्दकोश १५५५ मध्ये व त्याची विस्तारित आवृत्ती १५७१ मध्ये छापली गेली. या सर्व उद्योगाचा कळस म्हणजे बेर्नार्दिनो दे साआगून याने सिद्ध केलेला बारा खंडांचा महाग्रंथ. आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात असलेली त्याची प्रत १५७७ च्या सुमारास पूर्ण झाली. डाव्या स्तंभात स्पॅनिश, उजव्या स्तंभात नाहुआत्ल आणि जागोजाग मिळून सुमारे अडीच हजार चित्रे असे तिचे स्वरूप आहे. ग्रंथ साआगूनच्या नावावर असला तरी आस्कापोत्साल्कोचा आन्तोनियो वालेरियानो, क्वाउतित्लानचा आलोन्सो वेखेरानो, त्लातेलोल्कोचा मार्तीन हाकोबिता यांसारख्या त्याच्या शिष्यांचे श्रम त्यात आहेत आणि साआगूनने त्यांची नावे नोंदविली आहेत. ते नाहुआत्ल, स्पॅनिश व लॅटिन या तीन भाषा जाणणारे, ख्रिस्ती शिक्षणात वाढलेले विद्वान होते. ज्यांना ‘पराभूत’ म्हणून ओळखावयाचे त्यांच्यातील हे लोक.

३

लेओन-पोर्तिया यांच्या संग्रहाची योग्यता प्रथम मान्य केली पाहिजे. विजयाची हकिगत त्यापूर्वी सामान्य वाचकाला बहुधा स्पॅनिश लेखकांच्याच मुखातून ऐकावयास मिळत असे. गारिबाय यांची भाषांतरे घेऊन, ती कालक्रमाने लावून, लेओन-पोर्तिया यांनी तीच हकिगत नाहुआ बाजूने सांगितली. ग्रंथाच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. अनेक भाषांत तो गेला. जगभरच्या विद्यापीठांत शिकविला गेला. जित समाजालाही स्मृती असते आणि ती लिखित असते, हे त्याने लोकांच्या मनावर बिंबविले. एका लहानशा पुस्तकाने याहून अधिक काय करावे?

तथापि त्याच्या नावातच एक गृहीत दडलेले आहे. १५२१ मध्ये पराभूत झाले ते कोण? त्लाश्कालाचे लोक नव्हेत. त्यांचे हजारो योद्धे कोर्तेसच्या बाजूने लढले. पुढील शतकांत ते स्वतःला विजेतेच मानीत आणि विजेत्याच्या हक्कांची मागणी स्पेनच्या राजाकडे करीत. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी मोठ्या कापडी पटावर आपल्या पराक्रमाची चित्रमालिका रंगविली ती याच हेतूने. १५९१ मध्ये त्लाश्कालाची सुमारे चारशे कुटुंबे उत्तरेच्या सरहद्दीवर वसाहत करण्यास गेली, तीही सवलतींचा करार करून. तेश्कोकोच्या राजघराण्यातील एक शाखा स्पॅनिशांस मिळाली होती. तेव्हा सर्व नाहुआ समाजाला एका ‘पराभूत’ या शब्दाखाली आणणे म्हणजे ज्या आल्तेपेत्लच्या चौकटीत ते लोक जगले, लढले व लिहिते झाले ती चौकटच मोडणे होय.

संग्रहातील मुख्य आधारग्रंथांचा पक्षही लपलेला नाही. साआगूनच्या ग्रंथाचा विजयविषयक बारावा खंड त्लातेलोल्कोच्या लोकांच्या आठवणींवर उभारलेला आहे. त्लातेलोल्को हे तेनोच्तित्लानचे जुळे नगर. १४७३ मध्ये तेनोच्तित्लानने ते जिंकून अंकित केले होते. साहजिकच या खंडात त्लातेलोल्कोचे योद्धे शूर ठरतात, आणि तेनोच्तित्लानचा राजा मोतेकुसोमा भयाने गळून गेलेला, पळून जाण्याची जागा शोधणारा असा रंगतो. हा ‘नाहुआ लोकांचा’ मोतेकुसोमा नव्हे. हा शेजाऱ्यांचा मोतेकुसोमा आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याविषयी तीस-पस्तीस वर्षांनी काढलेले उद्गार इतिहासकाराने ज्या सावधपणे घ्यावयाचे, तो सावधपणा येथे अनेकांनी दाखविलेला नाही.

४

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे दुश्चिन्हांची व देवांची कथा. स्पॅनिश येण्यापूर्वी आकाशात अग्नीची ज्वाला दिसली, देवळे आपोआप पेटली, सरोवराला वाऱ्यावाचून उधाण आले, अशी आठ चिन्हे बाराव्या खंडाच्या आरंभी येतात. पुढे गौरवर्ण परके हे परतलेले देव होत, कोर्तेस म्हणजे केत्सालकोआत्ल होय, असे मोतेकुसोमाला वाटल्याचे सांगितले जाते. शालेय पुस्तकांपासून नाटकांपर्यंत ही कथा पसरली आहे, आणि एक थोर संस्कृती आपल्याच भोळेपणाने बुडाली असा निष्कर्ष तिच्या आडून काढला जातो.

कालक्रमाने साधने लावली असता वेगळे चित्र दिसते. कोर्तेसने १५२० च्या ऑक्टोबरमध्ये राजाला लिहिलेल्या पत्रात मोतेकुसोमाचे एक भाषण घातले आहे. पूर्वेस गेलेल्या एका पूर्वजाच्या वंशजांनी परत येण्याची वाट आम्ही पाहत होतो, असा त्याचा आशय. त्यात केत्सालकोआत्लचे नाव नाही आणि कोर्तेसला कोणी देव मानल्याचा उल्लेखही नाही. ते स्पष्ट समीकरण दोनेक दशकांनंतरच्या लेखनात उगवते. दुश्चिन्हांविषयी फेलिपे फेर्नान्देस-आर्मेस्तो यांनी १९९२ मध्ये दाखविले की, त्यांचे नमुने प्राचीन ग्रीक-रोमन इतिहासकारांच्या वर्णनांशी जुळतात. त्लातेलोल्कोच्या विद्यालयात लॅटिन ग्रंथ वाचलेल्या पिढीने आपल्या नगराच्या पतनाला रोम व जेरुसलेमच्या पतनाचा साज चढविला, असे मानण्यास जागा आहे. हा भोळेपणा नव्हे. हा पांडित्याचा आविष्कार आहे. एवढा मोठा अनर्थ कारणाशिवाय घडला नसेल, या जाणिवेतून तो जन्मला.

भाषेचा पुरावाही याच दिशेने जातो. स्पॅनिशांना नाहुआ लोक ‘तेओत्ल’ म्हणत व त्याचा अर्थ ‘देव’, म्हणून ते त्यांना देव मानीत, असा युक्तिवाद केला जातो. परंतु ‘तेओ-’ या अंगाचा व्यापार फार विस्तृत आहे. ‘तेओआत्ल’ म्हणजे समुद्र, ‘तेओकुइत्लात्ल’ म्हणजे सोने. समुद्राची विशालता व सोन्याची असामान्यता या अंगाने सुचविली जाते. मराठीत ‘देवमासा’ म्हणणारा कोळी त्या माशाची पूजा बांधीत नाही, आणि ‘देवमाणूस’ म्हटल्याने कोणाला देव्हाऱ्यात बसविले जात नाही. असाधारण, अनाकलनीय, सामर्थ्यवान असे जे काही ते ‘तेओत्ल’. परक्यांना कोणत्या नावाने हाक मारावी हे न कळल्याने हा शब्द पुढे आला असावा. त्याचे ‘देव’ हे एकच भाषांतर करून त्यावर सबंध समाजाच्या मानसशास्त्राची इमारत उभारणे शब्दार्थशास्त्राला मान्य होणार नाही.

मोतेकुसोमाच्या स्वागतपर भाषणाचेही तसेच. १५१९ च्या नोव्हेंबरच्या ८ तारखेला झालेल्या त्या भेटीतील भाषण बाराव्या खंडात ज्या नाहुआत्लमध्ये दिले आहे ती दरबारी, आदरार्थी भाषा आहे. नाहुआत्लमध्ये नामांना ‘-त्सिन’ हा आदरदर्शक प्रत्यय लागतो, क्रियापदांची वेगळी आदरार्थी रूपे होतात, आणि शिष्टाचार असा की यजमानाने स्वतःला लहान करावे, पाहुण्याला घरधनी करावे. दारात आलेल्या पाहुण्याला ‘हे घर आपलेच समजा’ असे मराठी गृहस्थ म्हणतो तेव्हा तो घराचे खरेदीखत लिहून देत नसतो. कोर्तेसने, किंवा त्याच्यासाठी ज्यांनी हे शब्द स्पॅनिशमध्ये आणले त्यांनी, या सौजन्याचे राज्यदानात रूपांतर केले. मोहिमेच्या आरंभी हे भाषांतर दोन टप्प्यांनी होई : मालिन्त्सिन नाहुआत्लचे माया भाषेत करी आणि हेरोनिमो दे आगिलार मायाचे स्पॅनिशमध्ये. अशा वाटेने आलेल्या आदरार्थी वाक्याचा कायदेशीर अर्थ लावणे कितपत सुरक्षित, हे सांगावयास नको.

आणि साआगूनच्या ग्रंथात दोन स्तंभ सारखे नाहीत, हेही स्मरणात ठेवावे लागते. नाहुआत्ल स्तंभ स्पॅनिशांची सुवर्णलालसा वानरांची व डुकरांची उपमा देऊन वर्णितो. स्पॅनिश स्तंभ त्यांना आनंद झाला इतक्यावर भागवितो. नाहुआत्लमध्ये जेथे तपशिलांची लांबच लांब मालिका आहे तेथे स्पॅनिशमध्ये दोन ओळींचा सारांश येतो. १५८५ मध्ये तर साआगूनने हा खंड नव्याने लिहून कोर्तेसची बाजू उजळ केली. म्हणजे एकाच ग्रंथाच्या पोटात, एकाच पानावर, दोन साक्षी उभ्या आहेत. जो केवळ स्पॅनिश वाचतो त्याने एका साक्षीदाराची जबानी घेऊन निकाल दिला असे होते.

५

भाषांतराच्या प्रश्नाचे गांभीर्य एका अक्षराने स्पष्ट होते. लेओन-पोर्तिया यांच्या संग्रहाचे इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये निघाले तेव्हा त्याला ‘मोडलेले भाले’ अशा अर्थाचे शीर्षक देण्यात आले. त्लातेलोल्कोच्या बखरीत नगराच्या शेवटच्या दिवसांचे जे वर्णन आहे त्यातील एका शब्दाच्या गारिबायकृत भाषांतरावरून हे शीर्षक घडले. गारिबाय यांनी तेथे ‘मित्ल’, म्हणजे बाण, असे वाचले. परंतु मूळ हस्तलिखितात ‘ओमित्ल’ अशी अक्षरे आहेत, आणि ‘ओमित्ल’ म्हणजे हाड. त्या काळच्या नाहुआत्ल हस्तलिखितांत शब्दांची तोड आजच्यासारखी नियमित नसते. आरंभीचा ‘ओ’ अलग काढला की बाण उरतो, जागच्या जागी ठेवला की हाडे दिसू लागतात. लॉकहार्ट यांनी १९९३ मध्ये या साधनांचा नवा अनुवाद केला तेव्हा हाडांचाच अर्थ घेतला, आणि तोच सरळ वाटतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. रस्त्यांत मोडलेले बाण पडले होते असे म्हटले की वाचकापुढे रणांगण उभे राहते, वीरांचा पराभव उभा राहतो. त्यात एक प्रकारची भव्यता असते. रस्त्यांत फुटलेली हाडे पडली होती असे म्हटले की उपासमारीने, देवीने व वेढ्याने मेलेल्या, न पुरलेल्या माणसांचे नगर दिसते. पहिले चित्र शोकांतिकेचे, दुसरे शहरात घडलेल्या प्रत्यक्ष मृत्यूचे. जगभरच्या वाचकांनी साठ वर्षे पहिले चित्र पाहिले. ज्यांची वाणी ऐकवावयाची म्हणून ग्रंथाचा अवतार झाला, त्यांच्याच बोलण्यातील सर्वांत उघडा शब्द सजविला गेला. या बखरीचा काळही गारिबाय व लेओन-पोर्तिया १५२८ चा मानतात. लॉकहार्ट यांनी तो काही दशके अलीकडे आणला. पहिल्या साक्षीचा मान तिच्याकडून गेला तरी तिची किंमत कमी होत नाही. मात्र ताज्या जखमेचा उद्गार म्हणून ती वाचणे आणि मुरलेल्या स्मृतीचा लेख म्हणून वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

६

लॉकहार्ट यांनी दृष्टी वळविली ती बखरी व विलापांकडून दप्तराकडे. मृत्युपत्रे, जमिनीच्या खरेदीखतांचे कागद, नगरसभांची इतिवृत्ते, फिर्यादी अशी हजारो नाहुआत्ल कागदपत्रे सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत सतत लिहिली जात होती. त्यांच्या वाचनातून असे दिसले की आल्तेपेत्ल मोडले नाही. त्याने ‘नगरसभा’ हे स्पॅनिश नाव घेतले, राजा ‘गव्हर्नर’ झाला, दैवताच्या जागी संत आला, आणि आतली घडण पुष्कळशी पूर्वीचीच राहिली.

यासाठी त्यांनी व फ्रान्सेस कार्टुनेन यांनी भाषेचा जो पुरावा मांडला तो भाषाभ्यासकांस विशेष मननीय आहे. संपर्काच्या तीन पायऱ्या त्यांनी कल्पिल्या. सुमारे १५४५ पर्यंतच्या पहिल्या पायरीत नाहुआत्लने स्पॅनिश शब्द फारसे घेतले नाहीत. नव्या वस्तूंना जुनेच शब्द ताणून लावले. घोडा ‘मासात्ल’, म्हणजे हरीण. मेंढी ‘इच्कात्ल’, म्हणजे कापूस. लोखंडाला तांब्याचे नाव. बंदूक म्हणजे ‘अग्निशंख’. गव्हाची रोटी म्हणजे ‘कास्तिलाची भाकर’. दुसऱ्या पायरीत, साधारण एक शतकभर, नामे भराभर आली, परंतु नाहुआत्लच्या उच्चारात वितळून : भाषेत ‘र’ नसल्याने ‘क्रूस’चे ‘कोलोस’ झाले. १६४५ च्या आसपास तिसरी पायरी सुरू झाली. आता स्पॅनिश क्रियापदे व अव्ययेही आली, परके ध्वनी जिभेवर बसले, आणि ‘पिया’, म्हणजे राखणे, या देशी क्रियापदाला स्पॅनिशच्या वळणाने ‘जवळ असणे’ हा अर्थ चिकटला. भाषेचे हे थर म्हणजे समाजाच्या दैनंदिन व्यवहाराचे थर होत. प्रथम वस्तू दिसली, मग तिचे नाव आले, आणि शेवटी घरात, बाजारात, शेतावर दोन भाषा बोलणारी माणसे आली.

ही मांडणी भक्कम आहे. तिच्यावर एक आक्षेप मात्र राहतोच. कागद कोण लिहितो? ज्याच्याजवळ देण्यासारखी जमीन आहे तो मृत्युपत्र करतो. ज्या नगराला सभा उरली आहे ते इतिवृत्त ठेवते. उजाड झालेल्या वस्तीचे दप्तर नसते. १५२०, १५४५ व १५७६ मध्ये उसळलेल्या साथींनी लोकसंख्या कोसळली. कुक व बोरा यांनी १९६३ मध्ये मध्य मेक्सिकोची १५१९ ची लोकसंख्या सुमारे अडीच कोटी धरली व १६०५ च्या सुमारास ती दहा लाखांवर आल्याचे मानले; पहिला आकडा पुष्कळांनी फार मोठा ठरविला, परंतु ऱ्हासाची भीषणता कोणीच नाकारीत नाही. दुसऱ्या साथीतील ओआशाका प्रांतातील मृतांच्या दातांत टायफॉइडच्या वर्गातील जंतूंचा अंश २०१८ मध्ये आढळला. नाहुआत्ल कागद मात्र या दुसऱ्या साथीला ‘कोकोलिस्त्ली’, म्हणजे दुखणे, म्हणतात. सातत्याचा पुरावा जेथे दाट आहे तेथे तो मान्य करावा; जेथे कागदच नाही तेथील शांतता ही सातत्याची साक्ष नव्हे. लेओन-पोर्तिया यांनी विलापाला सर्वस्व मानले, लॉकहार्ट यांच्या दप्तराने विलाप ऐकू येईनासा केला. खरा इतिहास या दोहोंच्या मध्ये आहे असे म्हणून भागणार नाही; तो दोन्ही एकाच वेळी खरे असण्यात आहे. एकाच कुटुंबातील तीन माणसे साथीत गेली आणि चौथ्याने शेताचा तंटा नगरसभेपुढे नेला, असा तो काळ होता.

७

माया प्रदेशाकडे वळले असता १५२१ ची रेघ आणखीच पुसट होते. तेथील अभिजात काळातील नगरे स्पॅनिश येण्यापूर्वी सहाशे वर्षे ओस पडली होती, आणि उलट इत्सा लोकांचे पेतेन सरोवरातील स्वतंत्र राज्य १६९७ पर्यंत टिकले. त्या प्रदेशात संहार व संरक्षण एकाच हाताने झाले. दिएगो दे लांदा याने १५६२ मध्ये मानी येथे माया पोथ्यांची होळी केली, आणि त्यानेच पुढे माया लिपीची ‘वर्णमाला’ नोंदवून ठेवली. आज माया चित्रग्रंथ उरले आहेत ते चार.

ती वर्णमाला दीर्घकाळ निरुपयोगी समजली गेली. लांदा स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारी आणि माया लेखक त्या नावाच्या ध्वनीचे चिन्ह काढी; एका ठिकाणी तर त्या लेखकाने ‘मला नको’ असे माया भाषेत लिहून ठेवले आहे. युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्ये ओळखले की ही सुटी व्यंजने नव्हेत, स्वरासह येणारी अक्षरे आहेत. ज्याच्या वर्णमालेत ‘क’ म्हणताच त्यात ‘अ’ येतो त्या मराठी वाचकाला माया लेखकाची अडचण लांदापेक्षा लवकर कळावी. १९६० मध्ये तात्याना प्रोस्कूर्याकोव्ह यांनी पिएद्रास नेग्रास येथील शिलालेखांत राजांचे जन्म व राज्यारोहण ओळखले, आणि केवळ ग्रहतारे मोजणारे म्हणून समजले गेलेले माया लोक इतिहास लिहिणारे ठरले. येथेही लिपी वाचता आली ती त्या भाषा अद्याप बोलल्या जातात म्हणून. जिवंत भाषकांवाचून हे दगड मुकेच राहिले असते.

८

मिशनऱ्यांचा भाषाभ्यास हा विषय मराठीच्या अभ्यासकालाही जवळचा आहे. फादर स्टीफन्स याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले आणि त्याचे कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये. प्रथम भाषा शिकावी, तिच्यात ग्रंथ रचावे, आणि पुढील पिढीतील सत्ताधाऱ्यांनी ती भाषाच बंद करण्याचे फर्मान काढावे, हा क्रम दोन्हीकडे दिसतो : गोव्यात १६८४ चे फर्मान, मेक्सिकोत १७७० चे. परंतु एक भेद मोठा आहे. गोव्यात दडपलेल्या भाषिक परंपरेला घाटापलीकडे मोकळा मुलूख होता. तेथे तुकोबांचे अभंग व रामदासांचे ग्रंथ निर्माण होत होते, परकी सत्ता तेथवर पोहोचली नव्हती. नाहुआत्लला असा घाटमाथा नव्हता. तिला जे टिकवावयाचे ते विजेत्याच्या लिपीत, त्याच्या विद्यालयात आणि त्याच्या न्यायालयात टिकवावे लागले. म्हणूनच तिची साधने ‘शुद्ध’ नाहीत, आणि ती शुद्ध नाहीत म्हणून त्यांना दोष देणेही योग्य नव्हे.

यावरून समीक्षेची दिशा ठरते. प्रत्येक मजकुराला कोणते आल्तेपेत्ल बोलत आहे हे विचारावे. कोणत्या दशकात बोलत आहे हे पाहावे. नाहुआत्ल व स्पॅनिश स्तंभ वेगवेगळे वाचावे. आदरार्थी रूपांना कायद्याची भाषा समजू नये. आणि भाषांतर सुंदर वाटले तर मूळ शब्दाकडे अधिक बारकाईने पाहावे. साआगूनच्या ग्रंथाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर अँडरसन व डिबल यांनी १९५० ते १९८२ या काळात केले. २०२३ पासून मूळ हस्तलिखिताची पाने शब्दशोधासह संगणकावर सर्वांस खुली झाली आहेत. साधन दुर्मिळ असल्याची सबब आता उरलेली नाही.

मेक्सिकोने २००३ मध्ये देशी भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा देणारा कायदा केला. २०२० च्या जनगणनेत साडेसोळा लाखांहून अधिक लोकांनी नाहुआत्ल बोलत असल्याचे नोंदविले. त्यांच्यापैकी काहींनी आपल्या पूर्वजांचे हे ग्रंथ विद्यापीठांत बसून वाचावयास आरंभ केला आहे. पराभूतांची वाणी म्हणून जे आजवर इतरांनी ऐकविले त्याची तपासणी आता त्याच भाषेच्या बोलणाऱ्यांकडून होऊ लागली आहे. बाण की हाड, या प्रश्नाचा शेवटचा निर्णय देण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे.